तुम्ही विचारलंत म्हणून : स्की न करणाऱ्यांनाही घेऊन बर्फात जायचे तर

डिसेंबर जवळ आला की झुरिकमधली ओळखीची मराठी कुटुंबे मला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलांना फेब्रुवारीच्या सुट्टीत स्की शिकायचे असते, आईवडिलांपैकी एकाला ते येत असते, दुसऱ्याला त्यात रस नसतो, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा तर पायात स्की बांधणार नसतातच. मग सगळ्यांनी मिळून जायचे कुठे? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते. माझे उत्तर असे की, ठिकाण स्की करणाऱ्यांच्या सोयीने निवडू नका; न करणाऱ्यांच्या सोयीने निवडा.

स्की करणाऱ्याला आल्प्समध्ये चांगला उतार जवळपास कुठेही मिळतो आणि त्याचा दिवस आपोआप भरतो. न करणाऱ्याचा दिवस कसा जाईल, हे मात्र गावाची घडण ठरवते. फ्रान्समधले वाल थोरान्स सुमारे 2,300 मीटरवर, खास स्कीसाठीच वसवलेले आहे. तिथे बर्फाची खात्री आहे, उतार उत्तम आहेत, पण सत्तरीच्या माणसाने सकाळी दहानंतर तिथे काय करावे याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. म्हणून कोणत्याही ठिकाणाबद्दल मी आधी एकच गोष्ट पाहते: स्की करणारे दुपारी डोंगरावर जिथे जेवायला थांबतील, तिथे बाकीच्यांना साध्या बुटांनिशी पोहोचता येते का?

या कसोटीवर मला सर्वांत उजवे वाटते ते बर्नच्या डोंगराळ भागातले वेंगन. गाव 1,274 मीटरवर, दरीच्या कडेवरच्या उन्हाच्या सपाटीवर आहे आणि तिथे मोटारी जातच नाहीत. झुरिकहून बर्न, इंटरलाकन आणि लाउटरब्रुनेन असे गाडी बदलत गेलो की सुमारे तीन तासांत आपण पोहोचतो; शेवटचा चढ दातेरी रुळांवरून चढणारी छोटी गाडी चढते. ही रेल्वे 1893 मध्ये सुरू झाली, म्हणजे या भागात स्की रुजण्याच्या आधी, आणि ती बांधली गेली उन्हाळ्यात डोंगर पाहायला येणाऱ्या प्रवाशांसाठी. माझ्या मते वेंगनचे सगळे मर्म यातच आहे. जिथे स्कीच्या लिफ्ट आधी आल्या तिथे पायी माणूस पाहुणा असतो. इथे डोंगर मुळात त्याच्यासाठीच खुला झाला आणि स्की करणारे मागाहून त्याच गाड्यांत चढले.

तीच गाडी पुढे 2,061 मीटरवरच्या क्लाइने शाइडेग या खिंडीत जाते. दुपारी बाराच्या सुमारास या स्टेशनावर थोडा वेळ उभे राहावे. डब्यांतून स्कीच्या जड बुटांची खडखड करत माणसे उतरतात, त्यांच्यामागून काठी टेकत एखाद्या आजी उतरतात, आणि दोघेही वाफाळत्या सूपच्या वासाने त्याच उपाहारगृहाकडे वळतात. समोर आयगर शिखराची काळी उत्तर भिंत सरळ वर गेलेली असते. माझ्या सासूबाई लाकडी बाकावर पाठीला ऊन घेत बसायच्या आणि उतारावरून येणाऱ्या ठिपक्यांतून नातीचे लाल हेल्मेट शोधायच्या. ते सापडले की आमच्यासाठी टेबल धरायला त्या स्वतःच पुढे व्हायच्या. शाकाहारी मंडळींना मॅकरोनी, बटाटे आणि चीजचे आल्प्लरमॅग्रोनन चालते, सोबत सफरचंदाचा गोड रस्सा असतो. मात्र त्यात बेकन घालू नका, असे आवर्जून सांगावे लागते.

चालणाऱ्यांसाठी हिवाळी पायवाटा यंत्राने दाबून तयार केलेल्या असतात आणि त्यांवर गुलाबी पाट्या असतात. वेंगनहून केबल कारने वरच्या मेनलिशेन या डोंगरावर जावे आणि तिथून क्लाइने शाइडेगपर्यंत, आयगर, म्यॉंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरे समोर ठेवून चालत यावे. चालायची सवय असणाऱ्याला ही वाट जड जात नाही. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मला काळजी वाटते ती चढाची नव्हे, तर गावातल्या गोठलेल्या रस्त्याची. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे इथे सहज मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्यावेत आणि स्टेशनापासून घरापर्यंतही वापरावेत. बर्फावरून परतणारा उजेड डोळ्यांना फार त्रास देतो, त्यामुळे चांगला गॉगल प्रत्येकाकडे हवा.

स्की न करणाऱ्या तरुण मंडळींसाठी स्लेज भाड्याने घ्यावी. गावाच्या वरच्या वेंगनआल्प या स्टेशनाहून गावापर्यंत उतरणारी वाट आईवडील आणि मुले यांनी एकत्र उतरावी अशी आहे, आणि दुपारी स्की शाळा सुटल्यावर सगळ्यांना एकत्र खेळता येईल असा हा एकमेव खेळ आहे.

आता एक गोष्ट थोडी स्पष्टपणे लिहिते. आजी-आजोबा सोबत आहेत म्हणून धाकट्या मुलाला दिवसभर त्यांच्याकडे सोपवून दोघांनी डोंगर गाठायचा, असे पुष्कळ घरांत न बोलता ठरून जाते. ते त्यांच्यावर अन्यायाचे आहे. आयुष्यात पहिल्यांदा एवढा बर्फ पाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या चालीने तो पाहण्याची मोकळीक हवी. लहान मुलांना सकाळी स्की शाळेत घालावे. वेंगनमध्ये शिकाऊ उतार गावाच्या मधोमध असल्याने ज्याला पाहावेसे वाटेल त्याला कडेला उभे राहून पाहता येते आणि कंटाळा आला की घरी जाता येते.

युंगफ्राउयोखबद्दल सगळेच विचारतात. 1912 मध्ये पूर्ण झालेली तिथली डोंगरी रेल्वे 3,454 मीटरवर नेते आणि तिकीट महाग असते. जावे, पण एकदाच, आणि सकाळी वरचे थेट चित्र दाखवणाऱ्या वेबकॅमवर आकाश निरभ्र दिसले तरच. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. क्लाइने शाइडेगवरून दिसणारे दृश्यही काही कमी नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांना स्विस ट्रॅव्हल पास घेता येतो आणि तो वेंगनपर्यंत चालतो. त्यापुढे मात्र तिकीट काढावे लागते. स्की करणाऱ्याने आपला विमा उतारावरच्या अपघाताला लागू आहे का, हे निघण्याआधी तपासावे.

शाळेचे बंधन नसेल तर मी मार्च सुचवते, कारण दिवस मोठा झालेला असतो आणि बाकावर बसणाऱ्याला ऊन मिळते. जानेवारीच्या मध्यावर लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते. 1930 पासून चालत आलेल्या या शर्यतीचा उतार सुमारे साडेचार किलोमीटरचा आहे आणि ती पाहण्यासारखीही आहे, पण त्या शनिवार-रविवारी गावात पाय ठेवायला जागा नसते आणि वृद्धांना घेऊन तिथे जाऊ नये.

राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. संध्याकाळी वरणभाताचा कुकर लागला की दिवसभर थंडीत फिरलेली वडील माणसे सैलावतात, आणि सामानाचे दुकान स्टेशनाजवळच आहे. असे घर निवडताना स्टेशनापासूनचा चढ नकाशावर नीट पाहावा. फेब्रुवारीसाठी घर शरद ऋतूतच ठरवावे, त्यानंतर लगेच स्की शाळेतली जागा. मुलांचा स्की पास (लिफ्टने वर जाण्याचे तिकीट) मात्र शाळेला विचारल्याशिवाय घेऊ नये. पहिल्यांदाच शिकणारे मूल सुरुवातीचे दिवस शिकाऊ उतारावरच असते आणि त्याला सगळ्या डोंगराचा पास लागत नाही.