स्कीइंगला जायचंय? आधी तारीख ठरवा, मग डोंगर

नाताळची सुट्टी धरून स्कीइंगचा बेत आखणं कोल्हापूरकरांना सोयीचं वाटतं. पोरांना सुट्टी, ऑफिसात रजा शिल्लक. बर्फाला मात्र हे वेळापत्रक मान्य नसतं. काश्मिरातली कडाक्याची थंडी, म्हणजे चिल्लई कलान, सुरूच होते 21 डिसेंबरला, आणि पुढे चाळीस दिवस चालते. स्कीखाली दगड-गवत लागू नये इतका जाड थर एका हिमवर्षावात होत नाही. दोन-चार वेळा पडून तो दबावा लागतो. जानेवारी 2024 मध्ये तर गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. 2025 च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणजे खात्री कुठल्याच तारखेची नाही, पण 26 जानेवारी ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. दहावी-बारावीचं पोर घरात असेल तर यंदा बेत रद्दच समजा. हॉटेल घेताना पैसे परत मिळण्याची सोय असलेलंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.

आता जागा. आपल्यासमोर खरे पर्याय तीन: गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचं सोलंग.

सोलंग लवकर निकालात काढतो. उंची साधारण अडीच हजार मीटर, उतार आखूड, आणि त्याच उतारावर बर्फावरच्या स्कूटर, टायर, घोडे आणि फोटो काढणारी गर्दी. दुपारी बर्फ वितळतो, रात्री गोठतो, सकाळी त्याची काच झालेली असते. बर्फात खेळायला उत्तम. शिकायला नको.

गुलमर्गचं नाव झालं ते गोंडोलामुळे, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबलकारमुळे. गाव साधारण 2,650 मीटरवर. पहिला टप्पा कोंगडोरीला, दुसरा अफरवतवर, जवळपास 3,950 मीटरपर्यंत नेतो. फोटो सगळे तिथले. पण नवशिक्याचं तिथे काही काम नाही. वरचे उतार यंत्राने दाबून सपाट केलेले नसतात आणि हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे दोन परदेशी स्कीअर दगावले. नवशिके शिकतात ते खाली, गावातल्या मोकळ्या मैदानाच्या सौम्य उतारांवर. म्हणून हॉटेल बघताना गोंडोला किती जवळ हे विचारू नका. सरावाचा उतार चालत किती मिनिटांवर आहे ते विचारा. स्की खांद्यावर आणि पायात ते कडक बूट घालून अर्धा किलोमीटर चाललं की शिकायची निम्मी हौस तिथेच संपते.

औली उत्तराखंडात, जोशीमठच्या वर, साधारण अडीच ते तीन हजार मीटर. एकच मोठा, नीट राखलेला उतार, चेअरलिफ्ट, समोर नंदादेवी. गढवाल मंडळ विकास निगम इथे सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स चालवतं. अडचण पोचण्याची. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठात जमीन खचली तेव्हा रोपवे बंद केला गेला, त्यामुळे वर जायला रस्त्याचाच आधार. ताजा बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. त्यात ऋषिकेश ते जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर घाट, म्हणजे अख्खा दिवस.

निवड अशी करा. हातात प्रवास सोडून पूर्ण सात दिवस असतील आणि खरंच शिकायचं असेल तर औली. चारच दिवस असतील, किंवा बरोबर स्की न करणारे आई-वडील असतील, तर गुलमर्ग. मिरजेहून गोवा एक्सप्रेस रोज दिल्लीच्या निझामुद्दीनला जाते. तिथून श्रीनगरचं विमान किंवा ऋषिकेशची गाडी. श्रीनगरला बर्फ-धुक्याने विमानं रद्द होतात, म्हणून परतीला एक दिवस मोकळा ठेवा. काश्मिरात बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं.

सामान भाड्याने मिळतं, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. बूट सैल नको. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकला पाहिजे, आणि टाच अजिबात उचलायला नको. आत एकच पातळ, लांब लोकरी मोजा. दोन मोजे घातले की रक्तप्रवाह दबतो आणि बोटं उलट जास्त गार पडतात. स्कीची लांबी हनुवटी ते नाकापर्यंत पुरते.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, ही खरी जोखमीची वस्तू. पडल्यावर बूट स्कीतून सुटला नाही तर पिळवटतो तो गुडघा. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही नवशिके आहात हे सांगून दुकानदाराकडून स्क्रू तुमच्यासमोर लावून घ्या. ‘सगळ्यांना हेच चालतं’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. बूट बदलला की सेटिंगही पुन्हा करायचं.

कपड्यांत जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. घामाने ओले झाले की वाळत नाहीत. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, वर वाऱ्या-पाण्याला दाद न देणारी पँट. आपली पावसाळी रेनकोटची पँट पहिल्या दिवसापुरती चालेल, पण ती घसरगुंडी आहे: पडल्यावर थांबवत नाही.

निघण्याआधी सहा आठवडे रोज बैठका काढा. तालमीत जाणाऱ्याला वेगळं काही करायलाच नको. स्नोप्लाऊमध्ये, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून वेग आवरताना, मांड्याच आधी पेटतात. प्रवास विमा घेताना त्यात स्कीइंग धरलंय का तेही वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.