एका वर्षात चार नाटकं बसतात कशी?

'विद्यापीठाच्या नाट्यविभागात वर्षाला चार पूर्ण लांबीची नाटकं? मुलांना तेवढा वेळ मिळतो तरी कुठे?' प्रयोगानंतर भेटायला आलेले पालक हमखास हे विचारतात. वेळ मिळतो. सहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास धरले तर 108 तास होतात आणि दोन तासांच्या नाटकाला ते पुरतात. पुरत नाहीत ते लेव्हल (मंचावर उंची आणणारे लाकडी चौथरे), दिवे आणि बॅकस्टेजचे हात. हंगाम आखायचा तो या तिघांच्या हिशेबाने.

पुण्यात त्याआधी पाऊस आणि गणपती बघावे लागतात. जून ते सप्टेंबर उघड्या मंचाचा भरवसा नाही. ऑगस्टच्या संध्याकाळी काही मुलं ढोलपथकात जातात, आणि जी येतात त्यांना नदीकाठच्या सरावावर आवाज चढवून बोलायची सवय लागते, ती नंतर सुटता सुटत नाही. म्हणून पावसाळ्यात खोलीत मावणारं, चार-पाच पात्रांचं नाटक घ्यावं. मोठं, गाण्याबजावण्याचं नाटक डिसेंबरात उघड्यावर. तेव्हा दव पडतं, रंगवलेली फळी निसरडी होते. शिवाय रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो. सातची घंटा साडेसातला दिली तर शेवटचा प्रवेश माइकविना होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी आणि पालक असतील तर शिक्षणसंस्थेला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं की परवानगी घ्यायलाच हवी. संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेगळं. संहिता ठरली त्याच आठवड्यात दोन्ही अर्ज जाऊ द्यावेत.

आता लेव्हल. चार बाय तीन फुटांच्या, सहा, बारा आणि अठरा इंच उंचीच्या अशा सोळा लेव्हल असल्या की चारही नाटकं निघतात. सहाच्या पटीतल्या उंचीमुळे पायऱ्या आपोआप जुळतात. अडचण अशी, की पहिल्याचे प्रयोग चालू असताना दुसऱ्याची तालीम जमिनीवर चिकटपट्टी लावून होते. नट सपाट जमिनीवर चालायला शिकतात. मग शेवटच्या दोन दिवसांत अठरा इंचांची चढण समोर आली की प्रत्येक एन्ट्री दोन सेकंद उशिरा पडते, साडी पायात येते आणि प्रकाशाचे सगळे क्यू, म्हणजे दिवे बदलायच्या ठरलेल्या जागा, चुकतात. शेवटच्या दहा दिवसांत निदान तीन लेव्हल तालमीला द्याव्यातच, दुसऱ्या दिग्दर्शकाशी भांडून का होईना.

'मग बिननेपथ्याचंच नाटक घ्या' असा सल्ला मिळतो. 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांचाच पडदा आहे, म्हणून ते स्वस्त, असंही वाटतं. पण लाकडाची भिंत ताप आला म्हणून गैरहजर राहत नाही. माणसांच्या भिंतीतला एक गेला की भोक दिसतं, आणि बदली माणसाला गाणं, ताल आणि जागा तिन्ही पाठ असावं लागतं.

दिव्यांचं गणित साधं आहे, तरी दरवर्षी फसतं. हजार वॉटचा एक पार (मंचावरचा नेहमीचा डब्यासारखा दिवा) 230 व्होल्टवर साधारण 4.35 अँपिअर घेतो. डिमर म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र; त्याच्या दहा अँपिअरच्या एका चॅनेलवर दोनच दिवे बसतात. तिसरा लावला की फ्यूज जातो, तोही सगळे दिवे एकदम चढतात त्या क्षणी. चोवीस दिव्यांना सुमारे 104 अँपिअर लागतात, तीन फेजवर वाटले तर प्रत्येकी पस्तीसच्या आसपास. तेव्हा प्रकाशयोजना कागदावर मांडण्याआधी वायरमनला फेज विचारा. ध्वनियंत्रणेला डिमरच्या फेजवर ठेवू नका, नाहीतर दिवा अर्धा केला की स्पीकर घूं करू लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते टेक्निकल, म्हणजे नुसते क्यू तपासायची तालीम, वेगळी न घेता रंगीत तालमीत ढकलल्यामुळे. साठ क्यू, प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे तीन तास, अडखळत पाच. यात अभिनय करायचा नसतो, क्यूच्या आधीचं वाक्य म्हणायचं, क्यू बघायचा, पुढे उडी मारायची. नटांना हे कंटाळवाणं वाटतं आणि दिग्दर्शक त्यांची दया करतो. मग डिमरवरचा मुलगा सगळे क्यू पहिल्यांदा सलग करतो ते प्रेक्षकांसमोर.

म्हणून तारखा उलट्या मोजायच्या. शनिवारी प्रयोग, शुक्रवारी रंगीत तालीम, बुधवारी टेक्निकल, मंगळवारी दिवे टांगून फोकस. गुरुवार मोकळा का, हे पुणेकरांना सांगायला नको: दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा त्याच दिवशी. तो दिवस कपडे घालून, उजेडात हालचाली बघण्याचा. इस्त्री मात्र बुधवारीच उरकायची.

शेवटच्या प्रयोगानंतर त्याच रात्री सेट उतरवायचा. जोडणी खिळ्यांऐवजी स्क्रूंची असेल तर दीड तासात होतो. खिळे ठोकले असतील तर फळ्या फाटतात, आणि सकाळी लेव्हल न्यायला आलेल्या पुढच्या नाटकाच्या मुलांना आधी हातोडी शोधावी लागते.