जुना अल्टरनेटर कुठे गेला?

ताईंनी गाडीची चावी देण्याआधी एक वही पुढे केली. रेघांची, शाळकरी पोरांची असते तशी. पानोपानी तारीख, वेळ आणि गाडी कितव्या सेल्फला चालू झाली ते. ‘दुसऱ्या.’ ‘चौथ्या, आतले दिवे विझले.’ ‘पहिल्या, पण जड.’ वहीच्या शेवटी दोन बिलं आणि एक एस्टिमेट टाचलेलं. पहिलं बिल नव्या बॅटरीचं. दुसरं नव्या अल्टरनेटरचं (इंजिन चालू असताना वीज करून बॅटरी भरणारी मशीन), त्यातच इंजेक्टर क्लीनिंग आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. एस्टिमेट होतं इंजिन फिरवून चालू करणारी सेल्फ मोटर बदलायचं.

“दादा, एवढं एकदा बघा. तुम्ही म्हणालात की बदला, तर बदलून टाकते.”

मी आधी वही वाचली. बॅटरी बदलल्यावर सहा दिवस सगळं ‘पहिल्या’, सातव्या दिवसापासून पुन्हा रडगाणं. अल्टरनेटर बदलल्यावर तर दोनच दिवस बरे गेले. दोन महाग वस्तू नव्या आल्या आणि दुखणं जागच्या जागी. याचा अर्थ दुखणं त्या वस्तूंमध्ये नव्हतंच. “ही वही बिलं देणाऱ्या गॅरेजमध्ये दाखवली होतीत?” मी विचारलं. दोनदा दाखवली होती म्हणाल्या. काउंटरवरच्या माणसाने उघडलीसुद्धा नाही. गिऱ्हाइकाला गाडीतलं कळत नाही, हे आमच्या धंद्यात इतकं गृहीत धरलेलं असतं की तो काय सांगतोय तेही कोणी ऐकत नाही.

बॉनेट उघडून मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. पोराला सेल्फ मारायला सांगितला. इंजिन कण्हत कण्हत फिरलं, पण बॅटरीच्या टोकांवर ११.८ शिल्लक. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सेल्फ मोटर आतून जाम झाली असती तर तिने करंट ओढून बॅटरीला पार खाली बसवलं असतं. इथे बॅटरी द्यायला तयार होती, पण तिचं देणं पोचत नव्हतं.

मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन थेट इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारला. मीटरने ३.१ दाखवले. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा, चांगल्या गाडीत त्याहूनही खाली असतो. बारापैकी तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच जिरत होते. परतीची वाट म्हणजे अर्थिंग. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला बांधलेला असतो आणि इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर. म्हणून बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याच्या तारांची एक चपटी वेणी जोडलेली असते. सेल्फचा सगळा करंट तिच्यातून परत जातो.

गाडी रॅम्पवर घेतली. वेणीच्या टोकाचा बोल्ट चिखलाने लिंपलेला, चिखल वाळून दगड झालेला. त्यावर पान्याचा एक ओरखडा नाही. दोन बिलं झाली, तिसऱ्याची तयारी झाली, आणि या बोल्टला कोणाचा हात लागला नव्हता. बोल्ट सोडवला तर थिंबलखाली, म्हणजे वेणीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, हिरवा गंज आणि वेणीच्या बऱ्याचशा तारा तुटलेल्या. बोटाने दाबल्या तर भुगा झाला.

मीटर ओहमवर, म्हणजे अडथळा मोजायला, ठेवून ही वेणी तपासली असती तर ती ठीकच दिसली असती. चार तारा शाबूत असल्या तरी साधा मीटर जवळजवळ शून्यच दाखवतो. पण सेल्फ ओढतो शंभर-दीडशे अँपिअर, आणि तेवढ्या करंटला ओहमचा तीनशेवा भाग इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. इथे तर त्याच्या कितीतरी पट अडथळा होता. म्हणून जोडणी नेहमी भार असताना, व्होल्टमध्ये मोजायची. हे मी माझ्याकडच्या प्रत्येक पोराला पहिल्या महिन्यात शिकवतो. त्याला गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लागत नाही, एक मीटर आणि सेल्फ मारायला एक माणूस पुरतो.

दुसऱ्या बिलावर स्कॅनरने दाखवलेला कोडही लिहिलेला होता, पी ०५६२. सिस्टिमचं व्होल्टेज कमी, एवढाच त्याचा अर्थ. का कमी, ते कोड सांगत नाही. अल्टरनेटरचा करंटही याच वेणीतून परततो. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर १४.२ होते आणि बॅटरीपर्यंत १३.१ पोचत होते. स्कॅनरने लक्षण सांगितलं आणि त्यांनी त्यालाच निदान समजून अल्टरनेटर काढून फेकला. आणि इंजेक्टर क्लीनिंग? इंजेक्टर पेट्रोल फवारतो. सेल्फ जड फिरण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बिल फुगवायला घातलेली ती ओळ पाहून मला खरोखर संताप आला.

बॉडीवरची जागा वायर ब्रशने चकचकीत केली, नवी वेणी टाकली, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. अर्ध्या तासाचं काम. पुन्हा मोजलं, ३.१ च्या जागी ०.१५. सेल्फ मारताच इंजिन झटक्यात उठलं. ताई हसल्या नाहीत. थोडा वेळ त्या इंजिनचा आवाज ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे मला फसवलं का त्यांनी?”

वेणीचे आणि अर्ध्या तासाच्या मजुरीचे पैसे घेतले. त्यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. इंजेक्टरपुरतं मी हो म्हणालो. बॅटरी आणि अल्टरनेटर त्यांनी लबाडीने बदलले की मोजायचा आळस करून, ते मला सांगता येईना. ताईंच्या पैशांना त्याने काय फरक पडतो? न मोजता पार्ट बदलत जायचं आणि प्रत्येक अंदाजाचं बिल गिऱ्हाइकावर फाडायचं, हे माझ्या लेखी फसवणुकीच्या फार लांब नाही.

मग त्या म्हणाल्या, “जुना अल्टरनेटर चांगला होता, एवढं लिहून द्या. मी पैसे परत मागते.”

जुना अल्टरनेटर त्यांना कोणी परत दिलाच नव्हता. त्यांनी मागितलाही नव्हता, मागायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. जी वस्तू मी हातात घेतली नाही, मीटरला लावली नाही, ती चांगली होती असं कसं लिहू? तो खरंच कमकुवत असण्याची शक्यता थोडी का होईना, उरतेच. मी बिलाच्या मागे दोन्ही वेळचे आकडे लिहिले, गाडीचा दोष अर्थिंगमध्ये सापडला असं लिहिलं आणि सही केली. तुटकी वेणी पिशवीत घालून दिली. ताईंनी कागद दोनदा वाचला, वहीत ठेवला. “यात अल्टरनेटरचं काहीच नाही,” एवढंच बोलल्या आणि निघाल्या.

मी जे मोजलं तेच लिहिलं. तरी तेव्हापासून तो कागद मी मनात पुन्हा पुन्हा लिहून पाहतोय. ‘अल्टरनेटर तपासल्याची कोणतीही नोंद दुसऱ्या बिलावर नाही’ ही ओळ मला लिहिता आली असती. ती शंभर टक्के खरी होती, बिल माझ्या समोर होतं, आणि पैसे मागताना ती त्यांच्या कामी आली असती. ती सुचली तोवर ताईंची गाडी वळणापलीकडे गेली होती. त्यांचा फोन नंबर मी घेतला नव्हता.