हॅरिस बेटावरील विणकराच्या घरी

‘हॅरिस ट्वीड’ हे लोकरी कापड विणणाऱ्या हातमाग विणकरांच्या कामाचा अभ्यास करण्यासाठी मी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हॅरिस बेटावर गेले, तेव्हा माझी राहण्याची सोय पूर्व किनाऱ्यावरील एका वयस्कर विणकर दांपत्याच्या घरी झाली होती. हा किनारा म्हणजे निव्वळ खडक आहे. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी पश्चिमेकडील सुपीक जमिनीवरून अनेक कुटुंबांना हुसकावले आणि ती इकडे येऊन वसली. इथे माती इतकी उथळ की मृतांना पुरण्यासाठीही डोंगर ओलांडून पुन्हा पश्चिमेला न्यावे लागे. खडकांच्या बेचक्यांत समुद्रशेवाळ आणि माती रचून केलेले बटाट्याचे अरुंद वाफे घरामागे अजून ओळखू येतात. ते पाहताना त्या माणसांच्या चिवटपणाने मी अक्षरशः थक्क झाले.

शनिवारचा पूर्ण दिवस मी मागाजवळ काढला. घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत पायाने चालणारा जुना हॅटर्सली माग होता. आजोबा पावड्या (पायाने दाबायच्या पट्ट्या) मारत, आडवा धागा नेणारा धोटा धावे आणि आजी शेजारी बसून धोट्यासाठी धाग्याच्या कांड्या भरत. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की दोघेही न बोलता थांबत, तो सांधत आणि पुन्हा सुरू करत. लोकर कातण्याआधीच रंगवून मिसळतात, त्यामुळे लांबून तपकिरी दिसणाऱ्या एकाच धाग्यात जवळून जांभळा, पिवळा, हिरवा असे अनेक रंग सापडतात. तेलकट असलेले ते कापड पुढे गिरणीत धुतले जाते आणि तपासणीनंतरच त्यावर अस्सलपणाची खूण असलेला गोलकाचा शिक्का उमटतो.

संध्याकाळी माग थांबला तो सोमवारपर्यंत. रविवारी या घरात कोणतेही काम होत नाही, म्हणून बटाटेसुद्धा आदल्या रात्रीच सोलून ठेवले होते. ते सोलता सोलता आजींनी मला विचारले, “तुमच्याकडे माग कुणाच्या घरात असतो?”

या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी त्यांचा कायदा ठाऊक असायला हवा. ब्रिटिश संसदेच्या 1993 च्या कायद्यानुसार, बाह्य हेब्रिडीजमध्येच (हॅरिस ज्यात येते त्या द्वीपसमूहात) रंगवलेल्या व कातलेल्या शुद्ध लोकरीपासून, तिथल्या रहिवाशांनी स्वतःच्या घरी हाताने विणलेल्या कापडालाच ‘हॅरिस ट्वीड’ म्हणता येते. म्हणजे उद्या कुणी सगळे माग एका कारखान्यात नेले, तर ते कापड हे नावच गमावून बसेल.

मी त्यांना येवल्याच्या पैठणी विणकरांविषयी सांगितले. तिथेही कितीतरी माग घरातच आहेत, मात्र अनेकांना रेशीम व्यापारी पुरवतो, मजुरी साडीमागे ठरते आणि यंत्रमागावरची स्वस्त साडी त्याच नावाने बाजारात विकली जाते. हातमागासाठी कापडाचे काही प्रकार राखून ठेवणारा 1985 चा कायदा आपल्याकडे आहे. परंतु माग विणकराच्या घरातच असावा, अशी अट त्यात नाही. ती असायला हवी, असे माझे ठाम मत त्या स्वयंपाकघरात झाले आणि अहवालातही मी ते तसेच मांडले.