मोंबासाचं जुनं शहर: कधी, कुठे आणि काय खावं

केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासात खायचं तर वेळ सांभाळावी लागते. सकाळी सातला जे ताजं मिळतं ते दहाला वातड होतं, आणि संध्याकाळचं खाणं दुपारी शोधून सापडत नाही.

सकाळी महामरी (गोडसर तळलेली पुरी) आणि मबाझी. मबाझी म्हणजे आपली तूरच, पण डाळ नव्हे, अख्खे दाणे. रात्रभर भिजवून मऊ शिजवायचे, मग कांदा, हिरवी मिरची, हळद आणि नारळाचं पातळ दूध. दाट दूध अगदी शेवटी, मंद आचेवर, सतत ढवळत. जोरात उकळी आली की ते फाटतं आणि वर तेल सुटतं. रस दाट आणि दाण्यांना धरून असेल ती टपरी निवडा. महामरीसाठी मैद्यात यीस्ट, साखर आणि वेलची घालून पीठ नारळाच्या दुधात मळतात, फुगलं की लाटून, त्रिकोण कापून तळतात. ती आतून पोकळ असते. थाळीत रचून ठेवलेली घेऊ नका, कढईतून निघालेलीच मागा.

दुपारी पिलाव किंवा बिर्याणी. इथल्या बिर्याणीत थर नसतात. भात वेगळा शिजतो आणि मटणाचा दाट मसाला त्यावर वाढतात. उन्हं चढायच्या आत फोर्ट जीझस पाहून घ्या. पोर्तुगीजांनी तो १५९३ मध्ये बांधायला घेतला, तेव्हा त्यांच्या पूर्वेकडच्या कारभाराची राजधानी गोवा होती.

खरी मजा संध्याकाळी. मामा न्गिना ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून मिरची-लिंबू लावलेला कसावा (साबुदाणा ज्याचा करतात तो कंद) आणि शहाळी मिळतात. पाणी प्यायल्यावर शहाळं परत द्या, मलई काढून देतात. जुन्या शहराच्या गल्ल्यांत व्याझी कराई शोधा: उकडलेला बटाटा पिवळ्या पिठात बुडवून तळलेला. बटाट्यात मसाला नसतो, म्हणून चिंचेच्या चटणीशिवाय तो फिका लागतो. चटणी वरून भरपूर मागा. मिश्काकी म्हणजे कोळशावर भाजलेले मांसाचे तुकडे. ते बहुधा गोमांस असतं, आधी विचारा.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण कोंबडी त्यात धरली जाईलच असं नाही. इथल्या स्वाहिली भाषेत ‘सिली न्यामा, कुकू वाला समाकी’ (मी मांस, कोंबडी किंवा मासे खात नाही) असं सगळं सांगा. शिवाय कढई पाहा, त्याच तेलात मासे तळलेले असू शकतात.

रमजानमध्ये दिवसा बरीच दुकानं बंद असतात, पण रोजा सुटल्यावर गल्ल्या खाण्याने भरून जातात. वेळ विचारताना जपा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे ‘सा मोजा’ (शब्दशः ‘एक वाजला’) हे सकाळचे सात.

नैरोबीहून रेल्वेने पाच-सहा तास लागतात. स्थानकात सामानाची कसून तपासणी होते, म्हणून तासभर आधी पोहोचा. पासपोर्ट हाताशी ठेवा. मोंबासाचं स्थानक शहराबाहेर मिरितिनीला आहे, पुढे मटाटू (शेअर मिनीबस) किंवा टॅक्सी. टपरीवर मोठी नोट मोडत नाही; पन्नास-शंभर शिलिंगच्या नोटा जवळ असू द्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, कापडी पिशवी घ्या.

निघण्यापूर्वी ईटीए (केनियाचा ऑनलाइन प्रवास परवाना) काढा आणि पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.