पिशवी काढायची तारीख ठरली होती

बाई चाळिशी ओलांडलेल्या. गर्भपिशवी काढायची तारीख दुसरीकडे ठरलेली. माझ्याकडे आल्या त्या एकदा दाखवून घ्यावं म्हणून. फायलीत तीन सोनोग्राफी. तिन्हींत तोच दोन सेंटिमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली साधी गाठ, स्नायूच्या थरात, आतल्या पोकळीपासून दूर. हिमोग्लोबिन ७.८. पाळी आली की दहा-बारा दिवस अंगावरून जायचं, रक्ताच्या गाठी पडायच्या, आणि मध्येच दोन-दोन महिने पाळीच नाही.

मी अडले ते इथेच. फायब्रॉइडमध्ये रक्त जास्त जातं, पण पाळी सहसा वेळेवर येते. वेळापत्रकच विस्कटलं असेल तर स्त्रीबीज सुटतंय का, हे आधी बघायला हवं.

आवाज घोगरा, बोलणं संथ, डोळ्यांभोवती सूज. नाडी ५६. इतका रक्तक्षय असताना नाडी धावायला हवी! त्यांना खुर्चीवर गुडघे टेकून पावलं मोकळी सोडायला सांगितली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण मूळ जागी परतताना रेंगाळलं. ते रेंगाळणं डोळ्यांना स्पष्ट दिसतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ही हातोडी का सोडून दिली, मला कळत नाही.

थायरॉइड मंदावलं की पाऊल असं रेंगाळतं, म्हणून टीएसएच तपासलं. थायरॉइडला कामाला लावणारं हे संप्रेरक, थायरॉइड मंदावलं की वाढतं. ते ११२ आलं. चारच्या आसपास त्याची वरची मर्यादा असते.

थायरॉइड इतकं मंदावलं की थायरॉइडला जागं करू पाहणारं मेंदूतलं टीआरएच वाढतं, त्यामागे प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) चढतं, बीज सुटेनासं होतं. मग अस्तर सावरून धरणारं प्रोजेस्टेरॉन नाही. पिशवीचं अस्तर नुसत्या इस्ट्रोजेनवर वाढत जातं आणि कधीही ढासळतं. काही जणींत रक्त गोठवणारा व्हॉन विलेब्रँड घटकही कमी पडतो. अस्तराचा तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. रक्तस्राव थांबवणारी औषधं आणि लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू केली.

आठ आठवड्यांनी टीएसएच साठच्या वरच. आधीच्या चिठ्ठीतली लोहाची गोळीही 'सकाळी उपाशीपोटी' होती. त्या दोन्ही एकत्र घेत होत्या. लोह थायरॉइडची गोळी आतड्यात अडवून ठेवतं, दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. अंतर ठेवल्यावर टीएसएच उतरलं, पाळी पाच दिवसांवर आली. फायब्रॉइड आहे तेवढाच आहे.

ऑपरेशनपूर्व तपासण्यांत साखर, क्रिएटिनिन, ईसीजी सगळं होतं. ईसीजीवर हृदयाची गती मंद असल्याचं छापलेलंही होतं. त्या अवस्थेत भूल दिली असती तर शुद्धीवर यायला, श्वास नीट सुरू व्हायला किती त्रास झाला असता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. सोनोग्राफीत काहीतरी सापडलं आणि सगळ्यांचं शोधणं तिथेच संपलं.

"पिशवी काढली असती तर जन्मभराची गोळी लागली नसती ना?" त्यांचे यजमान अजून विचारतात. पिशवी गेली असती तरी थायरॉइड तसंच राहिलं असतं, गोळी तेव्हाही लागलीच असती, असं मी दर वेळी समजावते. पुढच्या भेटीत प्रश्न तोच असतो.