काळ्या मातीच्या मैदानावर हरळी जोपासताना : माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातील आमच्या शिक्षणसंस्थेच्या फुटबॉल मैदानाची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा दोन्ही गोलसमोर उघडी काळी माती, मध्यभागी लव्हाळ्याची बेटे आणि फक्त कडेने दाट हरळी अशी त्याची अवस्था होती. शेतकरी ज्या हरळीला तण म्हणून खणून काढतो, तीच उष्ण हंगामात वाढणारी, तुडवण सोसणारी आणि पसरत्या काड्यांनी स्वतःच्या जखमा भरून काढणारी, आपल्याकडच्या मैदानांसाठी सर्वांत भरवशाची जात आहे. मात्र ही भरपाई ती वाढीच्या हंगामातच करते, म्हणजे आपल्याकडे प्रामुख्याने पावसाळ्यात. आणि शालेय स्पर्धांचा सरावही नेमका त्याच काळात असतो. मला संस्थेकडे पहिली मागणी करावी लागली ती खतासाठी किंवा यंत्रासाठी नव्हे, तर जुलै आणि ऑगस्टमध्ये मुख्य मैदान बंद ठेवण्याच्या परवानगीसाठी. ओल्या काळ्या मातीवर खेळल्यास माती दाबली जाऊन तिच्यातील हवा निघून जाते आणि मग वर्षभर कितीही पाणी दिले तरी मुळे खोल जात नाहीत, हे क्रीडाशिक्षकांना प्रत्यक्ष माती खणून दाखवल्यावर पटले. सराव शेजारच्या मुरमाड पटांगणावर हलवण्यात आला.

त्याआधी उन्हाळ्यात माती आणि बोअरचे पाणी तपासून घेतले. आमच्या भागातील पुष्कळशा जमिनींप्रमाणे मैदानाचा पूर्वेकडील भाग चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेला, निघाला. हरळी क्षार बऱ्यापैकी सहन करते, पण सोडियममुळे मातीचे कण फुटून पाणी मुरणेच थांबले, तर तिचाही इलाज चालत नाही. म्हणून अहवालातील प्रमाणाप्रमाणे जिप्सम मे महिन्यात पसरले, जेणेकरून सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जावा. आणि ते पाणी बाहेर पडायला वाट हवी म्हणून कडेने चर काढला. निचरा नसताना जिप्समवर खर्च करण्यात काही अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे.

मातीला वाफसा आल्यावर पोकळ दात्यांच्या यंत्राने संपूर्ण मैदानावर भोके पाडली, निघालेले मातीचे गड्डे उचलून नेले आणि त्या भोकांत धुतलेली वाळू झाडूने ओढून भरली. काळ्या मातीत थोडीशी वाळू कालवून उपयोग होत नाही. वाळू भोकांतच उभी भरली तर मुळांना हवा आणि पाण्याला वाट मिळते. जुलैत गोलसमोरच्या जागेसाठी मैदानाच्याच कडेची हरळी काढली, दोन-तीन पेरे असलेले तुकडे करून ते १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर लावले आणि वरून हलका रोलर फिरवला. सव्वा-दीड महिन्यात ती जागा झाकली गेली.

या सगळ्या कामात मला सर्वाधिक काळजी होती ती हुमणीची, म्हणजे मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीची, कारण आमच्या चारही बाजूंना ऊस आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, की संध्याकाळी अंधार पडताच तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. मैदानालगतच्या झाडांखाली ताडपत्री अंथरून आम्ही फांद्या हलवत होतो आणि टपटप पडणारे भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकत होतो. एवढ्यावर ही कीड संपत नाही, कारण शेजारच्या शेतांतूनही मादी येऊन मातीत अंडी घालते. त्यामुळे ऑगस्टपासून ठिकठिकाणी फूटभर हिरवळ तीन बाजूंनी कापून उलटून पाहत राहिलो. एका ठिकाणी ती सतरंजीसारखी सहज गुंडाळली गेली, म्हणजे खालची मुळे खाल्ली गेली होती, आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या. तेवढ्या पट्ट्यात ओल असताना मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी उपयुक्त बुरशी आळवणीतून, म्हणजे पाण्यात मिसळून मातीत ओतून, दिली. बगळे आणि कावळे एकाच जागी सारखे चोची मारू लागले, तर तिथे आधी पाहावे.

लव्हाळा उपटल्यास गाठी खालीच राहतात आणि तो दुपटीने उगवतो. म्हणून उसात वापरले जाणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल बेटांपुरते फवारले. त्याने हरळीला इजा होत नाही.

खताचा हिशेब सोपा आहे. जोमदार वाढीच्या काळात हरळीला दरमहा चौरस मीटरला सुमारे ५ ग्रॅम नत्र पुरते. ते मी दोन हप्त्यांत विभागले. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाला एका हप्त्यासाठी साधारण ८७ किलो अमोनियम सल्फेट लागते. युरिया स्वस्त पडतो, पण आमच्या विम्लधर्मी मातीत त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते आणि सल्फेटमधील गंधकही उपयोगी पडते. कोवळी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडली, म्हणजे लोह कमी पडले, तेव्हा नत्र न वाढवता लिटरला ५ ग्रॅम हिराकस (लोहाचे सल्फेट) घेऊन फवारणी केली.

कापणीची उंची २५ ते ३० मिलिमीटर ठेवली आणि एका वेळी पानाचा एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग कधीच काढला नाही. याचा अर्थ पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा यंत्र फिरवणे. दुसऱ्या दिवशी पानांची टोके फाटून पांढुरकी दिसली, की पाते धार लावायला पाठवायचे. कापलेले गवत पातळ पसरत असेल तर तिथेच राहू द्यावे, त्यातील नत्र मातीला परत मिळते.

पाण्याबाबत कुणाचीही भीड न बाळगता बोलायला हवे. आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर आमच्या मैदानाला सुमारे १ लाख ७८ हजार लिटर लागतात. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. आमच्यासारख्या छोट्या मैदानालाही तो विचार लागू आहे. आम्ही पिण्याचे पाणी मैदानाला देत नाही. बोअरचे मचूळ पाणी थोडे-थोडे रोज न देता एकदाच खोलवर भिजेल असे पहाटे देतो आणि टंचाईत हरळी तपकिरी होऊ देतो, कारण तिचे जमिनीतील कंद-काडे जिवंत असतात आणि पावसावर ती पुन्हा फुटते.

डिसेंबरात रात्री गार होऊ लागल्यावर वाढ मंदावते, म्हणून नोव्हेंबरनंतर नत्र बंद केले आणि सरावाचे छोटे गोल दर आठवड्याला जागा बदलून लावायचा नियम घातला. पूर्वेचा चोपण पट्टा अजून विरळच आहे. येत्या मे महिन्यात तिथली माती पुन्हा तपासून जिप्समचा दुसरा हप्ता देणार आहोत, आणि संस्थेने पैसे मंजूर केले तर त्या पट्ट्याखाली सच्छिद्र पाइपही टाकून घेणार आहोत.